दाताळं

माझं काम पुसायचं.
माणूस उडतो, पडतो, उठतो, बाजूला होतो,
दोघीजणी फीत ताणतात, आकडा ओरडतात,
मग मी.
बारा दात्यांचं दाताळं, दोन फेर,
आणि खड्डा पुन्हा कोराच्या कोरा,
जसं आज होनियारात कुणी उडालंच नाही.

वाळू नदीच्या मुखाकडची.
आठवडाभर चाळली आम्ही, मी आणि शाळेतली पोरं.
चाळणीवर काय काय राहिलं:
शिंपले, पोवळ्याचे तुकडे, एका चपलेचा अंगठा,
लढाईतली एक गोळी, हिरवी पडलेली.
गोळी पोलिसांनी नेली.
अंगठा माझ्या खिशात आहे. का, ते विचारू नका.

घरी मला नाव आहे, बार्नाबास ओफानी,
इथे छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'खड्डा'.
आत सुपारी खायला बंदी.
दारावरच्या पोराने माझे दात बघितले
आणि हसला. त्याचेही लालच होते.

संध्याकाळी बायकांची लांब उडी.
फिजीची उंच पोरगी, पाय म्हणजे माडाचे सोट.
न्यू कॅलेडोनियाची, जी दर वेळी छातीवर क्रूस काढायची
आणि दर वेळी फळीच्या अलीकडे वीतभर राहायची.
मग किरिबातीची तेबाने.
बुटकी. बूट उसने, टाचेत कापूस.
तिच्या बेटावर म्हणे मैदान नाही,
विमान उतरतं तिथेच ती पळायची,
आधी डुकरं हाकलून.

पहिली उडी बरी.
दुसरीची तिची तिलाच लाज वाटली.
शेवटचीला मी दाताळं टेकून उभा होतो.
पावलं आधी ऐकू आली,
कुणी घाईघाईत नारळ सोलावेत तशी.
मग आवाज थांबला
आणि बराच वेळ पुन्हा सुरूच झाला नाही.

पडली ती तिथे,
जिथे दिवसभरात कुणी पडलं नव्हतं.
वाळू माझ्या तोंडात उडाली.

लाल झेंडा.

फळीपुढच्या मऊ मेणात बुटाच्या टोकाचा ओरखडा,
भाताच्या शिताहून बारीक.
झेंडेवाली ग्रेस माझ्याच चर्चमधली,
भजनात अर्धा सूर सोडत नाही कुणाला,
इथे काय सोडणार.
फीत ताणली नाही. पिन टोचली नाही.
फलकावर एक फुली.

तेबाने खड्ड्यातच उभी, मान वळवून फळीकडे बघत.
पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना,
मी ती सरकताना पाहिली,
कणाकणाने, तिच्या टाचेच्या खळग्यात.

नियम असा की लगेच पुसायचं.
पुढची तयार आहे, घड्याळ चालू आहे.
मी नाडी बांधायला वाकलो.
पायात सपाता होत्या.
वाकल्या वाकल्या दाताळ्याचा दांडा वाळूवर आडवा टाकला,
खड्ड्याच्या अलीकडच्या कडेपासून:
एक दांडा. दोन दांडे. वर एक वीत.
(फिजीवाली जिंकली ती दोन दांड्यांना चार बोटं कमी.)
मग पुसलं.
चांगलं पुसलं. तेवढंच मला नीट येतं.

रात्री दिवे अर्धे मालवलेले.
मी ताडपत्री उलगडत होतो, तर ही आली,
अनवाणी, बूट हातात.
अर्धं पिजिन, अर्धं हातवारे:
कुठे?

मोजून दाखवलं. बोट ठेवलं.
मला वाटलं, तिथे उभी राहील,
निदान वाकून बघेल.
तिने बूट उलटा केला, टाचेवर दोनदा आपटला.
मूठभर वाळू पडली, त्यात कापूस.
"तुमची," म्हणाली.

मी दाताळ्याकडे हात नेला नाही.

मग ताडपत्रीचं दुसरं टोक तिनेच उचललं.
समुद्राकडून वारा आला होता,
मधूनच ती फुगत होती,
आणि आम्ही दोघं दोन्हीकडून
तिला खाली दाबत होतो.